नरारा: आधी ओहोटी बघा, मग तारीख ठरवा

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 सालचं. त्यातल्या पिरोटनसारख्या बेटांवर जायला होडी लागते, जामनगरजवळच्या नरारावर मात्र ओहोटीच्या मागोमाग चालत जाऊन प्रवाळ बघता येतं. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या हे काम सोपं. चुकते ती तारीख.

मी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस धरतो, कारण सगळ्यात मोठं उधाण बहुतेकदा एक-दोन दिवस मागून येतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरतच नाही, गुडघाभर गढूळ पाणी तुडवून परतावं लागतं. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे लावू नये. आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरती आतल्या टोकाला उशिरा पोचते आणि जास्त चढते. जवळच्या बंदराचा तक्ता बघायचा, आणि पूर्ण ओहोटी दिवसाउजेडी आहे ना, तेही.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि ती वेळ झाली की मागे वळायचं. पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से धरले तर सहा तासांत साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं ते वाढतं. फरक 5 मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम 40 सेंटीमीटर, तिसऱ्यात सव्वा मीटर. पहिले 40 सेंटीमीटरही किरकोळ समजू नका. पठार सपाट आहे, आणि पाणी समोरून येण्याआधी पाठीमागच्या ओहळांत भरतं. म्हणून जाताना प्रत्येक ओहळाची खोली काठीने बघून ठेवतो. काठीचा उपयोग तेवढाच, प्राण्यांना डिवचायला नाही.

बूट जुने, जाड तळाचे, घट्ट नाडीचे. सँडल चिखलात अडकते, आणि प्रवाळाने खरचटलं तर जखम चिघळते. वाळूच्या पाण्यात पाय घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सटकते. प्रवाळावर अर्थातच पाय नको.

बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं आणि फुटके शिंपले साचलेले दिसले की दोन पावलं मागे सरून गप्प उभं राहायचं. बऱ्याचदा आत ऑक्टोपस असतो. आधी एक डोळा वर येतो, मग दगडाच्याच रंगाचा एक बाहू. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. केंड मासा हातात घेऊन फुगवून दाखवतो असं कुणी म्हणालं तर मी सरळ नको म्हणतो. फुगणं म्हणजे त्याची घाबरगुंडी. समुद्री काकडीला छेडलं तर काही जाती स्वतःची आतडी बाहेर टाकतात. शंकूच्या आकाराचे शंख रिकामे वाटले तरी उचलू नयेत, आतला जीव विषारी काटा मारतो.