रक्तात सापडला जंतू, गाठ निघाली आतड्यात

दोन्ही हातांतून घेतलेल्या रक्तकल्चरच्या चारही बाटल्या २४ तासांच्या आत पॉझिटिव्ह झाल्या. रुग्णाला रेंगाळलेला ताप होता आणि हृदयाच्या झडपेवर संसर्गाची शंका. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून पाहण्याच्या पद्धतीत) जोड्यांनी आणि आखूड साखळ्यांनी जांभळे कॉकाय, म्हणजे गोल जंतू, दिसले.

इथे पहिला संशय एन्टेरोकॉकस या आतड्यातल्या जंतूवर जातो आणि घात होतो, कारण खरा जंतू त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा असू शकतो. बाइल-एस्क्युलिन हे चाचणीचं माध्यम दोघेही काळं करतात, लॅन्सफिल्ड गटही (पेशीभित्तिकेवरून ठरणारा) दोघांचा 'डी'च. पण एन्टेरोकॉकस ६.५ टक्के मिठात वाढतो आणि त्याची पीवायआर ही विकराची (एन्झाइमची) चाचणी पॉझिटिव्ह येते. या जंतूचं दोन्ही निगेटिव्ह. मॅल्डी-टॉफने (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राने) नाव दिलं स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस. प्रयोगशाळेत उपजातीसाठी मी अडून बसते: मॅनिटॉल (एक शर्करा-अल्कोहोल) आंबवला, म्हणजे उपजात गॅलोलायटिकस; पाश्चुरियानस तो आंबवत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी घट्ट नातं आहे ते पहिलीचं.

अहवालात नावाखाली लिहिलं, 'इकोकार्डिओग्राम व कोलोनोस्कोपी करावी.' वॉर्डात फोनही केला, कारण पोटाची तक्रार नसली की ही ओळ वाचायची राहून जाते. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली, बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा.

"मॅडम, कर्करोग या जंतूनेच केला का?" फिजिशियननी विचारलं.

या जंतूबाबत ठाम 'हो' म्हणता येत नाही. गाठीपाशी अस्तर विस्कटून कोलॅजन उघडं पडतं आणि हा कोलॅजनला घट्ट चिकटतो. शिवाय तिथली पित्ताम्लं त्याच्या गॅलोसिनला, म्हणजे इतर जंतू मारणाऱ्या प्रथिनाला, धार देतात. मग एन्टेरोकॉकस मारून तो जागा बळकावतो, असं उंदरांत दिसलंय. म्हणजे आधी गाठ, मग जंतू. पण बीटा-कॅटेनिन या पेशीतल्या प्रथिनामार्फत तो पेशींची वाढ वेगाने करवतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

कर्करोगाची सुरुवात करून देण्याबद्दल खरा भक्कम पुरावा ई. कोलाय या दुसऱ्या आतड्यातल्या जंतूविरुद्ध आहे. पीकेएस नावाचा जनुकसमूह असलेले ई. कोलाय कोलिबॅक्टिन हे विष बनवतात. ते डीएनएच्या दोन धाग्यांमधले अ‍ॅडेनिन एकमेकांना जखडतं; दुरुस्ती चुकली की डीएनएतल्या बदलांचा ठरावीक ठसा उरतो, त्याचं नाव एसबीएस८८. २०२० मध्ये मानवी आतड्याच्या ऑर्गनॉइड्सना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या ऊतींना) पाच महिने या जंतूंच्या संपर्कात ठेवून हा ठसा मिळवला गेला. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जीनोममध्ये कोलिबॅक्टिनचे ठसे चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा सुमारे ३.३ पट आढळले; तेही बरेचसे लहान वयात उमटलेले असावेत. म्हणून कर्करोग झाल्यावर शौचाच्या नमुन्यात पीकेएस सापडलं नाही, तरी कोलिबॅक्टिनला निर्दोष ठरवता येत नाही. जंतू निघून गेलेला असू शकतो, ठसा पेशीच्या डीएनएत असतो आणि तो गाठीच्या सिक्वेन्सिंगमध्येच दिसतो.