जामनगर, पाणचिरा आणि गाठ्या

डिसेंबरात आम्ही जामनगरला जाऊन आलो आणि घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बांधणी आणलीस का. आणली हो. पण मी गेले होते पाणचिऱ्यासाठी. म्हणजे इंडियन स्किमर. त्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब, उडता उडता ती पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो आणि मासा लागला की चोच फटकन मिटते. पक्षी नारिंगी चोचीचा, देखणा, पण धोक्यात आलेला, २०२० पासून तर एन्डेंजर्डमध्ये गेलाय.

पहिल्या दिवशी पहाटेच खिजडिया पक्षी अभयारण्य गाठलं, शहरापासून १२ किमीच्या आसपास. आखाताचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून संस्थानाच्या काळात इथे बांध घातले, मग आतल्या बाजूला नदीचं गोडं पाणी साठलं आणि बाहेर खारफुटी, चिखल, मिठागरं. त्यामुळे बांधावर उभं राहून एकीकडे बघावं तर बदकंच बदकं आणि नुसती मान वळवली की फ्लेमिंगो! जेमतेम सहा चौरस किमीची जागा, पण ३०० च्या वर जातींचे पक्षी नोंदलेत, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही गेली, २०२२ मध्ये तसं जाहीर झालं. बांध घालणाऱ्यांच्या डोक्यात पक्षी बिक्षी काही नसणार.

काळ्या मानेच्या करकोच्यांची जोडी मात्र अगदी जवळ मिळाली. नर मादी दिसायला सेम, पण मादीचा डोळा पिवळा आणि नराचा गडद, हे मी वाचलं होतं, दुर्बिणीतून पहिल्यांदा नीट बघितलं. मादीने एक पाय उचलला आणि तशीच उभी राहिली, किती वेळ ते विचारू नका, माझाच पाय आखडला.

पाणचिरा? नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी वैतागून बेडी बंदराकडे चक्कर मारली, तिथे मोठी जहाजं लांब समुद्रात थांबतात आणि माल बार्जमधून धक्क्यावर येतो, ते बघायला नवऱ्याला माझ्या पक्ष्यांपेक्षा जास्त मजा आली.

संध्याकाळी म्हटलं जाऊदे, शहरातल्या लाखोटा तलावावर नुसतं फिरून येऊ, कॅमेरा लेन्स सगळं हॉटेलवर ठेवलं. तिथे कुरव (सीगल) पक्ष्यांची ही गर्दी, लोक गाठ्या उधळतायत (पक्ष्यांना बेसन तळून घालू नये हे मला कळतं, पण तिथे कोणाला सांगणार), पोरं किंचाळतायत, आणि त्या गोंधळाच्या पलीकडे पाण्यालगत सगळे एकाच दिशेला तोंड करून शांत बसलेले, नारिंगी चोची, तीसेक तरी असतील.

मोबाईलने काढलेल्या फोटोत काळे पांढरे ठिपके दिसतात. नवरा म्हणतो कावळे आहेत.