अमिगा १२००, थेट सीएफवर रेकॉर्डिंग: दर १.४८ सेकंदांचा टिक सापडला

अमिगा १२०० या जुन्या संगणकावर आवाज थेट सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डावर रेकॉर्ड करताना दर १.४८ सेकंदांनी टिक असा खटका ऐकू यायचा. त्याचं कारण सापडलं, आणि कार्ड निर्दोष आहे.

मांडणी मागचीच: पॅल अमिगा १२००, फास्ट रॅममध्ये ३२,७६८ बाइटचा बफर, पॅरलल पोर्टवर एडीसी०८२० (आवाजाचे आकडे करणारी चिप). (एडीसी०८०४वर वेळ घालवू नका. त्याला एका रूपांतरालाच सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, आपल्याकडे दोन सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या दोन मोजमापांमध्ये, ४५च आहेत.) सॅम्पल घेण्याचा दर मात्र बदलला. सीआयए-बी या टायमर-चिपच्या टायमर एमध्ये ३१ भरलं की (शून्यही मोजला जातो, म्हणून ३२) तिच्या घड्याळाचे ७,०९,३७९ हर्ट्झ भागिले ३२, म्हणजे २२,१६८ हर्ट्झ. आवाज वाजवणाऱ्या पॉला चिपचा पिरियड (घड्याळाचा भाजक) १६० ठेवला की तिचाही दर नेमका तोच, कारण दोन्ही घड्याळं एकाच क्रिस्टलवरून चालतात. आधीच्या २२,०५० हर्ट्झचा नाद सोडल्यापासून सूर तसूभरही हलत नाही!

आता टिक. तो बरोबर बफर बदलताना यायचा. डिस्कवर लिहिणंही तेव्हाच सुरू होतं, म्हणून सगळा संशय कार्डावर. मॅक्सट्रान्सफर (एका वेळी डिस्ककडे जाणाऱ्या बाइटची मर्यादा) हेक्समध्ये १एफई०० केलं, सेटफाइलसाइज()ने फाइलची जागा आधीच राखून ठेवली. काही फरक नाही. शेवटी फाइलऐवजी एनआयएल:ला (लिहिलेलं नुसतं टाकून देणाऱ्या नकली डिव्हाइसला) लिहून पाहिलं, तरी टिक तसाच. म्हणजे डिस्कचा संबंधच नव्हता.

दोष होता डिसेबल() (सगळे इंटरप्ट बंद) आणि एनेबल() (पुन्हा सुरू) यांच्या मध्ये बसलेल्या, मेमरी कॉपी करणाऱ्या कॉपीमेम()चा. भरलेले ३२ केबी लिहिण्याच्या जागेत हलवायला काही मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ लेव्हल ६, म्हणजे सॅम्पल घेणारा सीआयए-बीचा इंटरप्टसुद्धा बंद. सीआयएच्या आयसीआर या इंटरप्ट-रजिस्टरमध्ये प्रत्येक टायमरसाठी एकच बिट आहे. त्यामुळे मधल्या काळात टायमर शंभर वेळा संपला तरी नंतर इंटरप्ट एकच येतो. सॅम्पल उशिरा येत नाहीत, कायमची जातात.

आता कॉपी काढून टाकली. बफर दोन, इंटरप्टचा हँडलरच पॉइंटर दुसऱ्यावर नेतो, कॉज()ने सॉफ्ट इंटरप्ट उठवतो आणि त्यातून लिहिणाऱ्या टास्कला सिग्नल() जातो. पडताळणीला टायमर बी लावला: तो टायमर एचे अंडरफ्लो (टायमर किती वेळा संपला ते) मोजतो. दर बफरला तो ३२,७६८नेच उतरला पाहिजे. जास्त उतरला तर तेवढी सॅम्पल गेली. कानापेक्षा हा हिशेब भरवशाचा. एनआयएल:वर तो चोख जुळतो. सीएफवर क्वचित एकाचा फरक अजून पडतो.

पुढे २८,३७५ हर्ट्झ करायचं ठरलं होतं (टायमर एमध्ये २४, पॉलाचा पिरियड १२५). पण हे लिहितानाच सुचलं: प्रत्येक इंटरप्टला टायमर बीचा खालचा बाइट वाचला तर सॅम्पल नेमकं कुठे गळलं ते कळेल, आणि तिथे आधीचंच पुन्हा लिहिता येईल. प्रोसेसरच्या १४.१८ मेगाहर्ट्झला दर सॅम्पलमागे ६४० सायकल मिळतात, सीआयएचं एक जादा वाचन त्यात सहज बसतं. २८,३७५ला ५००च उरतील, म्हणून आधी हे.