आमची वाटचाल : सरकारी रुग्णालयात डायलिसिस केंद्र चालवताना

डायलिसिसची मशिनं दुरुस्त करणं हा आमचा मूळ धंदा. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तो सार्वजनिक-खासगी भागीदारीचा. जागा, वीज, पाणी, औषधं सरकारची आणि गरीब रुग्णाच्या डायलिसिसचे पैसेही सरकार भरणार. मशिनं, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) आणि माणसं खासगी संस्थेची. पुढे याच धर्तीवर मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाचं काम आम्हाला मिळालं. कर्ज काढून मशिनं आणली आणि दुरुस्ती करणारे आम्ही केंद्र चालवायला लागलो.

टेंडर मिळतं सर्वांत कमी दराला आणि बिल निघतं किती डायलिसिस झाली त्यावर. आमच्या धंद्यातला खरा नैतिक प्रश्न इथेच आहे. कमी दरात भागवायचं तर काटकसर कुठे होते? रुग्णाला दिसत नाही तिथे. एकच डायलायझर धुऊन किती वेळा वापरला, एका टेक्निशियनकडे किती मशिनं आहेत, चार तासांचं डायलिसिस साडेतीन तासांत उरकलं का, हे बिलावर कुठेच येत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. मशिनमधून मिनिटाला साधारण 500 मिलीलिटर द्रावण जातं, ते शुद्ध पाण्यातच बनवलेलं, म्हणजे चार तासांत एका रुग्णामागे 120 लिटर. त्या पाण्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताच्या मध्ये फक्त डायलायझरचा पातळ पडदा असतो. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिस केंद्राला टँकरनं पाणी आलं. त्यात शेवाळाचं विष होतं आणि पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. आमच्याकडेही उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून नव्या टेक्निशियनला मी ही हकिगत पहिल्याच दिवशी सांगतो. रोज पहिली शिफ्ट लावण्याआधी कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यातलं क्लोरिन तपासायचं. लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर आढळलं तर एकही मशिन लावायचं नाही, बाहेर कितीही माणसं ताटकळत असोत. ही तपासणी केली नाही म्हणून आमचं बिल कधीच अडलं नसतं. मला झोप लागू देत नाही ते हेच.

दुसरी गोष्ट वेळेची. लांबच्या वाडीवरून येणाऱ्या एक आजी दुपारच्या शिफ्टला असायच्या. साडेतीन तास झाले की म्हणायच्या, "दादा, काढ बाबा आता सुया, शेवटची एसटी जाईल." आजींना लवकर सोडलं असतं तरी आम्हाला पैसे पूर्ण डायलिसिसचेच मिळाले असते. शिवाय त्यांनी स्वतःच मागितलं होतं, कुणी नावही ठेवलं नसतं. पण ज्या माणसाला दुसरीकडे जायची सोयच नाही, त्याच्या अशा 'हो'ला संमती म्हणायला माझं मन तयार नाही. आम्ही एसटीचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि शिफ्टच त्याप्रमाणे बसवल्या. सकाळची शिफ्ट पहाटे सुरू करावी लागली. स्टाफ कुरकुरला, ओव्हरटाइम द्यावा लागला.

बिलं थकतात, कधी कित्येक महिने. अशा वेळी काही जण सल्ला देतात, "पैसे भरणारे पेशंट आधी घ्या, पिवळं-केशरी रेशनकार्डवाल्यांना पुढची तारीख द्या." डायलिसिसमध्ये पुढची तारीख म्हणजे अंगावर सूज आणि छातीत पाणी. ती वेळ आम्ही पुरवठादारांकडून उधारी वाढवून आणि पुन्हा दुरुस्तीची कामं घेऊन काढली. सरकारनं वेळेवर पैसे देणं हाही या भागीदारीतल्या नीतीचाच भाग आहे, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो.

सध्या प्रत्येक रुग्णाच्या वहीत सुरुवातीचं आणि शेवटचं वजन, लागलेला वेळ आणि डायलायझर कितव्यांदा वापरला ते लिहून देतो. पाण्याचा रिपोर्ट दारावर लावतो. करार नव्यानं होईल तेव्हा या चार गोष्टी बिलाला जोडणं सक्तीचं करा, असं आम्ही लेखी दिलं आहे. तसं झालं तर कमी दर टाकणाऱ्या प्रत्येकाला या गोष्टींचा हिशेब आधीच धरावा लागेल, आम्हालाही.