डिझेलची खेप

२००९ सालची गोष्ट. पूर्व काँगोतल्या मासिसीच्या डोंगरात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आमच्या भारतीय बटालियनमध्ये मी ऑपरेशन्सचं काम बघणारा कॅप्टन होतो. मार्चपासून काँगोच्या सरकारी सैन्याची एफडीएलआर या रवांडी हुतू बंडखोरांविरुद्ध 'किमिया-२' मोहीम चालू होती. तिकडच्या भाषेत किमिया म्हणजे शांतता; नाव ठेवणाऱ्याला सलाम! त्या सरकारी सैन्याला रेशन, डिझेल, वाहनं शांतिसेना पुरवायची. आणि सुरक्षा परिषदेच्या १८५६व्या ठरावानुसार आमचं पहिलं काम काय, तर नागरिकांचं रक्षण.

डिझेलच्या पुढच्या खेपेचा रस्ता बघायला मी एका गावात गेलो. पूल किती टन पेलतो, गाडी कुठे रुतते, एवढंच विचारायचं होतं. एरवी पांढरी गाडी दिसली की पोरं धावत यायची. त्या दिवशी दारं बंद. एक म्हातारी मात्र अंगणात कसाव्याचे तुकडे वाळत घालत बसली होती. हात न थांबवता ती स्वाहिलीत काहीतरी बोलली. दुभाष्या जरा घुटमळला.

"ती म्हणते, ज्यांनी घरं जाळली, ते ट्रकमधून आले. ट्रकच्या पुढे तुमची गाडी होती."

"आम्ही फक्त डिझेल..." म्हणालो आणि गप्प बसलो. पूल विचारायचा राहूनच गेला.

रात्री अप्रिसिएशन, म्हणजे मोहिमेआधीचा परिस्थितीचा लेखी आढावा, लिहायला बसलो. भूभाग, शत्रू, आपलं बळ, वेळ आणि अंतर असे सगळे रकाने होते. म्हातारीला कुठे बसवू? शेवटी 'शत्रू'च्या खाली 'माहितीचे स्रोत' मध्ये लिहिलं : या रस्त्यावरची गावं यापुढे आपल्याला खबर देणार नाहीत. खरं तर त्या डोंगरात आमचा सगळा भरवसा गावकऱ्यांवरच होता. मूठभर जवान आणि एवढी मोठी दरी. रात्री कुठे हल्ला होणार हे बाजारातून कळायचं, नाहीतर कळायचंच नाही. डिझेल रोखावं, निदान कोणत्या तुकडीला जातंय ते तपासावं, अशी शिफारस जोडली.

सीओ साहेबांनी, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, कागद दोनदा वाचला. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले, "पण हुकूम वरून आहे." आणि कॉन्व्हॉयच्या ऑर्डरवर सही केली.

शांतिसेनेची मदत मानवी हक्कांच्या अटींवरच द्यावी, असं सांगणारा १९०६वा ठराव डिसेंबरात आला. तोवर त्या रस्त्याने आमच्या आणखी तीन खेपा गेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला म्हातारीचंही दार बंद होतं.