सेफमध्ये टेनंट आधी करा, बकेट नंतर

ऑब्जेक्ट स्टोरेज (नेटवर्कवरून फाइली ठेवायची-काढायची साठवण) एकापेक्षा जास्त लोकांना वापरायला द्यायचं म्हटलं की पहिलं भांडण बकेटच्या, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्याच्या, नावावरून होतं. प्रत्येकाला 'बॅकअप' नावाचीच बकेट हवी असते, नाहीतर 'इमेजेस', नाहीतर 'टेस्ट'. सेफ (Ceph) या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या रॅडॉस गेटवेवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्ट घेणाऱ्या भागावर, तुम्ही वेगळं काही केलं नसेल तर सगळ्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या सर्व्हरांत मिळून) त्या नावाची एकच बकेट होऊ शकते, पहिल्याने घेतली की दुसऱ्याला ४०९ चा एरर येतो की हे नाव आधीच गेलंय. म्हणजे दुसऱ्याचं काम तर अडतंच, पण अमुक नावाची बकेट या क्लस्टरवर कुणाकडे तरी आहे हेही त्याला फुकटात कळतं, आणि मला हे दुसरं जास्त खटकतं.

ही सवय आली अॅमेझॉनच्या एसथ्री या ऑब्जेक्ट स्टोरेज सेवेवरून. २००६ ला ते सुरू झालं तेव्हापासून तिथे बकेटचं नाव सगळ्या ग्राहकांत मिळून एकच असायचं, त्यामुळे लोक नावापुढे कंपनीचं नाव, शहराचं नाव, साल असं काय काय चिकटवायला लागले. स्वतःचा क्लस्टर असताना हे करायची काहीच गरज नाही हो. सेफमध्ये २०१६ च्या ज्युअल व्हर्जनपासून टेनंट आहेत, म्हणजे एकाच क्लस्टरवर प्रत्येक ग्राहकाला नावांची वेगळी जागा. सोसायटीत ए विंगला ३०२ असतो आणि बी विंगलाही ३०२ असतो तसंच हे, दोन टेनंटमध्ये 'बॅकअप' बकेट आणि 'अॅडमिन' युजर दोन्ही सुखाने नांदतात, फक्त पाण्याची टाकी मात्र सगळ्यांची एकच असते, त्यावर पुढे येतोच.

टेनंट वेगळा असा बनवावा लागत नाही, युजर तयार करताना टेनंटचं नाव दिलं की झाला. एक तर टेनंटचा पर्याय वेगळा द्यायचा, नाहीतर युजर आयडीतच मध्ये डॉलर टाकायचा, म्हणजे 'दवाखाना$बॅकअप' असं. आता हा डॉलर नीट बघा. शेलमध्ये, म्हणजे जिथे कमांड टाइप करतो तिथे, डॉलरनंतरचा शब्द व्हेरिएबल समजला जातो, तसा व्हेरिएबल नसतोच, मग त्या जागी रिकामं येतं आणि गेटवेला मिळतं फक्त 'दवाखाना'. एरर येत नाही, युजर व्यवस्थित तयार होतो, त्याच्या अॅक्सेस की (लॉगिनच्या किल्ल्या) मिळतात, सगळं चालतं, फक्त तो युजर कुठल्याच टेनंटमध्ये नसतो! डबल कोट लावून पण हेच होतं, सिंगल कोटच लागतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की युजर बनवल्यावर जो जेसन (JSON) मजकूर परत येतो त्यातली युजर आयडीची ओळ डोळ्यांनी वाचा, तिथे डॉलर दिसला तरच पुढे जा. स्क्रिप्टमध्ये तर टेनंटचा वेगळा पर्यायच वापरा, कोटची कटकटच नको.

आणि गंमत म्हणजे खूण एक नाही, तीन आहेत. युजरमध्ये डॉलर, अॅडमिन कमांडमध्ये बकेटसाठी 'टेनंट/बकेट' असा स्लॅश, आणि एसथ्रीच्या यूआरएलमध्ये 'टेनंट:बकेट' असा कोलन. नवीन माणूस आला की मी पहिल्या दिवशी हे तीन त्याला कागदावर लिहून देतो, कारण यात गल्लत झाली की 'बकेट सापडली नाही' एवढंच दिसतं आणि माणूस तासभर परमिशन तपासत बसतो.

अॅप्लिकेशनवाल्यांना यातलं बहुतेक काही कळावंच लागत नाही, ही या रचनेची सगळ्यात छान गोष्ट. रिक्वेस्ट आली की गेटवे अॅक्सेस कीवरून युजर शोधतो, युजरवरून टेनंट, आणि मग त्या टेनंटमधली 'बॅकअप' बकेट उघडतो. कोडमध्ये नुसतं 'बॅकअप' लिहिलं की काम झालं. अर्थात त्यामुळेच अॅक्सेस की मात्र सगळ्या क्लस्टरमध्ये वेगळीच लागते, ती टेनंटप्रमाणे रिपीट करता येत नाही.

अडचण येते ती कीशिवाय येणाऱ्यांची. समजा एका शाळेने आपल्या टेनंटमधली फोटोंची बकेट पब्लिक केली आणि लिंक वेबसाइटवर टाकली, ब्राउझर काही की घेऊन येत नाही, त्यामुळे गेटवे ती बकेट बिनटेनंटच्या जागेत शोधतो आणि नाही म्हणून सांगतो. तिथे लिंकमध्ये टेनंट आणि कोलन लिहावाच लागतो, आणि तोही यूआरएलच्या पाथमध्येच, कारण होस्टनेममध्ये कोलन चालत नाही, म्हणजे बकेटचं नाव डोमेनच्या पुढे लावायची पद्धत इथे बाद. प्रीसाइन्ड, म्हणजे आधीच सही करून दिलेल्या, लिंकला हा त्रास नाही, तिच्यात अॅक्सेस की असते.

दुसऱ्या टेनंटच्या बकेटमध्ये जायचं असेल तरी कोलनच. पायथनची बोटोथ्री लायब्ररी मात्र कोलनवालं नाव आपल्याच पातळीवर नाकारते, रिक्वेस्ट गेटवेपर्यंत पोचतच नाही, तिची नाव तपासणारी पायरी काढून टाकावी लागते. आणि अर्थातच बकेट पॉलिसी, म्हणजे कुणाला काय करता येईल याची नियमावली, लागते. त्यात अॅमेझॉनकडे जिथे १२ आकडी अकाउंट नंबर येतो तिथे आपल्याकडे टेनंटचं नाव लिहायचं. ती जागा रिकामी सोडली तर बिनटेनंटचा युजर असा अर्थ होतो, त्यामुळे अॅमेझॉनच्या उदाहरणावरून कॉपी मारलेली पॉलिसी जशीच्या तशी चालेल असं धरू नका.

आता ती टाकी. टेनंट वेगळे केले म्हणजे डेटा वेगळा झाला असं खूप जणांना वाटतं आणि क्लायंटलाही तसं सांगितलं जातं, ते खरं नाही. सगळ्यांची ऑब्जेक्ट (म्हणजे फाइली) एकाच डेटा पूलमध्ये, साठवणीच्या एकाच सामायिक भागात, पडतात, त्याच डिस्कवर, त्याच गेटवेमधून. एका टेनंटने रात्री बॅकअपचा धडाका लावला की बाकीच्यांचं स्लो होणार म्हणजे होणारच. जागेची मर्यादा युजरवर किंवा बकेटवर लावता येते, टेनंटवर थेट लावता येत नाही. रिक्वेस्टची मर्यादा २०२२ च्या क्विन्सी व्हर्जनपासून आहे, पण ती प्रत्येक गेटवे आपापली मोजतो, तीन गेटवे असतील तर आकडा तीनने भागूनच टाकायचा. आणि एखाद्याला खरोखरच वेगळ्या डिस्क हव्या असतील, दवाखान्याचे रिपोर्ट वगैरे असतील, तर वेगळा पूल, वेगळं प्लेसमेंट टार्गेट (बकेटचा डेटा कुठल्या पूलमध्ये जाईल हे सांगणारी नोंद) आणि त्या युजरला ते डिफॉल्ट म्हणून लावणं, एवढं करावंच लागतं. क्लायंटच्या माहितीचा प्रश्न असतो, तिथे अर्धवट सांगणं मला पटत नाही.

एकच ग्राहक असला तरी टेनंट पहिल्या दिवसापासून ठेवा, असं मी म्हणतो ते हलवाहलवीच्या त्रासामुळे. बिनटेनंटची बकेट नंतर टेनंटमध्ये नेता येते, आधी ती टेनंटमधल्या युजरला लिंक करायची मग मालकी बदलायची, पण मालकी बदलताना एकेका ऑब्जेक्टवरून जावं लागतं आणि लाखोंनी फाइली असल्या की ते चालूच राहतं, शिवाय बाहेर दिलेल्या पब्लिक लिंक सगळ्या बदलतात.

२०२४ च्या स्क्विड व्हर्जनमध्ये अकाउंट, म्हणजे अनेक युजरना एकत्र धरणारी खाती, आलेत, तेही चांगले आहेत. बकेट युजरची न राहता अकाउंटची होते, जागेची मर्यादा पूर्ण अकाउंटला लावता येते, आणि अकाउंटचा रूट (मुख्य) युजर आतल्या युजरना स्वतःच परवानग्या देतो, आपल्याला दर वेळी मदतीसाठी तिकीट येत नाही. अकाउंट टेनंटच्या आतही बनवता येतो, म्हणजे जुनं मोडायची गरज नाही. फक्त जुना युजर अकाउंटमध्ये घातला की परत बाहेर काढता येत नाही, आणि साधा युजर म्हणून घातला तर पॉलिसी मिळेपर्यंत त्याच्या हातात काहीच परवानगी राहत नाही, त्यामुळे चालू अॅप्लिकेशनचा युजर नेताना रूट म्हणूनच न्या आणि त्याआधी एखाद्या नवीन युजरवर सगळं करून बघा.