नऊ प्रश्नांत न मावणारी गणिताची भीती

इंग्लंडमध्ये मुलं हसतखेळत शिकतात, तिकडे कसली आली आहे गणिताची भीती, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. माझी लेक इथे केंब्रिजमध्ये सरकारी शाळेत जाते. तिच्या वर्गातल्या इतर आयांशी बोलायला लागले आणि कळलं की ही भीती इथेही आहे. चौथ्या वर्षाच्या वर्गात, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची, जूनमध्ये पाढ्यांची राष्ट्रीय चाचणी होते. बारापर्यंतचे पाढे, संगणकावर 25 प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला 6 सेकंद. यात पास-नापास नाही. तरीही चाचणी जवळ आली की सकाळी पोटात दुखतं म्हणणारी मुलं असतातच.

ही भीती मोजण्याचं मोठं काम याच गावात, केंब्रिज विद्यापीठात झालं आहे. अमेरिकेत 1972 साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 98 प्रश्नांची प्रश्नावली निघाली होती. 2003 मध्ये तिथेच नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आली. तीही मोठ्या मुलांसाठीच होती. केंब्रिजच्या संशोधकांनी तिची भाषा आणि प्रसंग बदलून ती 8 ते 13 वर्षांच्या ब्रिटिश मुलांवर तपासली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध केली. उद्या गणिताची परीक्षा आहे, शिक्षक फळ्यावर गणित सोडवून दाखवताहेत, वर्गातलं दुसरं मूल गणित समजावून सांगतंय, असे नऊ प्रसंग. प्रत्येक वेळी किती भीती वाटते ते मुलानं 1 ते 5 मध्ये सांगायचं; 1 म्हणजे अगदी कमी, 5 म्हणजे खूप.

याच गटाच्या अभ्यासातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. गणिताची खूप भीती असलेल्या मुलांपैकी 77 टक्के मुलांचे गणिताचे गुण सर्वसाधारण किंवा त्याहून चांगले होते. म्हणजे गुणपत्रिका बघून भीती ओळखता येत नाही. ‘त्याला चांगले मार्क पडतात, त्याचं काही नाही,’ असं आपण किती सहज म्हणतो! म्हणूनच मुलांना वेगळं विचारायला हवं.

पण देशादेशांची तुलना करायला गेलं की पेच पडतो. 2012 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना हेच विचारलं होतं. विकसित देशांच्या सरासरीत 59 टक्के मुलांनी गणिताचा तास अवघड जाईल अशी काळजी वाटते असं सांगितलं, तर गणित सोडवताना हतबल वाटतं असं 30 टक्के मुलांनी. कुठल्याही एका देशात पाहिलं तर जास्त घाबरणाऱ्या मुलांचे गुण सहसा कमी दिसतात. पण देश शेजारी शेजारी ठेवले की जपान आणि कोरियाची मुलं गुणांत खूप वर आणि भीतीतही वर. नेदरलँड्सची मुलं गुणांत चांगली आणि भीती मात्र कमी. जपानी मूल खरंच जास्त घाबरतं, की स्वतःला कमी लेखून उत्तर देण्याची तिथली रीत त्या आकड्यात उतरते? एका प्रश्नावलीवरून हे ठरवता येत नाही. जर्मनीतल्या एका अभ्यासात, 2013 मध्ये, ‘एरवी किती भीती वाटते’ असं विचारल्यावर मुलींनी मुलांपेक्षा जास्त सांगितली, पण प्रत्यक्ष तासाला आणि परीक्षेच्या वेळी विचारलं तेव्हा तो फरक उरला नाही. मला हे वाचून वाईट वाटलं. मुली गणितापेक्षा स्वतःबद्दलच्या समजुतीला जास्त घाबरत होत्या, असं माझं मत झालं.

या सगळ्यात आपली मुलं कुठे आहेत? ‘पिसा’मध्ये भारतातून फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश, तेही 2009 च्या फेरीत. आणि केंब्रिजच्या त्या नऊ प्रश्नांचं नुसतं मराठी करूनही भागणार नाही. लेकीच्या वर्गात मुलं गटानं बसतात आणि एकमेकांना गणित समजावतात, म्हणून तो प्रसंग तिथे आहे. आपल्याकडे छातीत धडधडतं ते सगळ्या वर्गासमोर फळ्यापाशी उभं राहून गणित सोडवताना, एकोणीसचा पाढा मध्येच अडकल्यावर, शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेचे गुण मोठ्यानं वाचले जाताना. शिवाय ‘त्र्याण्णव’ ऐकून आधी 9 लिहायचा की 3, ही मराठी मुलाची वेगळीच धांदल. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्या वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! त्या वादात मोठी माणसं खूप बोलली. सात वर्षांच्या मुलांना आकडे लिहिताना काय वाटतं ते मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

आपली प्रश्नावली आपल्या वर्गांतून यावी असं मला मनापासून वाटतं. आधी जिल्हा परिषदेच्या आणि शहरातल्या शाळांमध्ये मुलांशी निवांत बोलायचं, त्यांनी सांगितलेले प्रसंग प्रश्नांत घ्यायचे, मग काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरं टिकतात का ते पाहायचं. आणि उत्तरपत्रिका वर्गशिक्षकांच्या हाती जाणार नाही हे मुलांना आधीच सांगायचं, नाहीतर सगळेच ‘1’वर खूण करतील. तुमच्यापैकी कुणी शिक्षक किंवा बी.एड.चे विद्यार्थी असं काही करत असतील तर मला जरूर कळवा. त्यात मुलांनी सांगितलेले प्रसंग मला वाचायचे आहेत.